रेषेबाहेरचे मातापिता

(वर्धापन महोत्सवातील पालक-मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



मराठी भाषकांच्या जुन्या वस्त्या कोठेही पाहाव्यात, मग त्या कृष्णाकाठच्या असोत, बेळगावच्या असोत की इंदूर-बडोद्याच्या असोत, मारुतीचे देऊळ आणि तालीम ही दोन स्थाने तेथे बहुधा जवळजवळ आढळतात. समर्थ रामदासस्वामींनी सतराव्या शतकात अकरा मारुतींची स्थापना केली. त्यामागील बलोपासनेची दृष्टी या समाजाने पुढे पिढ्यान्‌पिढ्या जपली. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या पुनश्च प्रचारात आणली. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकराव यांनी अनेक तरुण घडविले. इंदूरच्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या आठ हंगामांत रणजी करंडक चार वेळा जिंकला. शरीर सुदृढ करणे हे मन सुसंस्कृत करण्याच्या आड येते, असे या परंपरेने कधी मानले नाही.

या जुन्या तालमीत पालकांच्या वर्तनासंबंधी एक अलिखित मर्यादा होती. मुलगा तांबड्या मातीत उतरला की तेवढ्या वेळेपुरता तो वस्तादांचा. बाप त्याला तालमीच्या दारापर्यंत आणून सोडी, वस्तादांच्या पायांवर घाली आणि आपल्या कामाला निघून जाई. दूध, भाकरी, तूप आणि वेळेवर झोप ही घरची बाजू. डाव, पेच आणि शिस्त ही वस्तादांची बाजू. आखाड्याच्या कडेला उभे राहून मुलाला डाव सुचविणाऱ्या बापाला वस्तादांनी खचितच खडसावले असते.

आता काळ पालटला आहे. गावोगावची मोकळी पटांगणे आक्रसली आणि मुलांचा खेळ प्रशिक्षणवर्ग, शुल्क, वयोगट, निवडचाचण्या, चषक व प्रमाणपत्रे यांच्या चौकटीत गेला. सायंकाळी मैदानावर जावे तो मुलांइतकेच पालकही तेथे दिसतात. कोणी पाण्याची बाटली घेऊन उभा आहे, कोणी मोबाइलवर चित्रण करीत आहे, कोणी चुनखडीच्या रेषेपाशी येऊन मोठमोठ्याने सूचना देत आहे. वडिलांनी मुलाच्या खेळासाठी वेळ काढावा ही गोष्ट निःसंशय चांगली. पूर्वीच्या पुष्कळ वडिलांना ती साधली नव्हती. परंतु या नव्या परिस्थितीने एक नवा प्रश्नही उभा केला आहे. रेषेच्या आत मुलाचा धर्म कोणता, हे प्रशिक्षक त्याला शिकवितात. रेषेबाहेर उभ्या असलेल्या मातापित्यांचा धर्म कोणता, हे त्यांना कोणी शिकविलेले नसते. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

प्रथम मूल खेळते कशासाठी, हे पाहिले पाहिजे. या प्रश्नाचे उत्तर पालक बहुधा स्वतःच्या मनाने देतात. अमेरिकेतील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी मात्र ते प्रत्यक्ष खेळणाऱ्या मुलांकडून मिळविले. फुटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींना खेळात मौज कशामुळे वाटते, हे त्यांनी विचारले आणि आलेल्या उत्तरांतून एक्याऐंशी कारणांची यादी सिद्ध करून ती २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. यादीच्या अग्रभागी कसून प्रयत्न करणे, सवंगड्यांशी जुळणे आणि प्रशिक्षकांची आपुलकी ही कारणे आली. सामना जिंकणे हे कारण यादीत होते, परंतु ते बरेच खाली होते. पराभवानंतर अर्ध्या तासात जी मुले आइसफ्रूटसाठी हट्ट धरतात, ती खेळाविषयी बेफिकीर असतात असे नव्हे. त्यांच्या दृष्टीने खेळाचे फळ त्यांना खेळतानाच मिळालेले असते. घरी पोहोचेपर्यंत पराभव उराशी वागविणारा मनुष्य पुष्कळदा बापच असतो.

मुलाचा खेळ मुलाचाच राहावा आणि घराचे प्रेम गुणफलकावर अवलंबून नसावे, एवढीच गोष्ट या व्याख्यानात सांगावयाची आहे. ती ऐकण्यास सोपी आणि आचरण्यास अवघड आहे; म्हणून तिची उदाहरणे सर्वांच्या परिचयाच्या घरांतून घेणे बरे.

सचिन तेंडुलकर यांचे वडील रमेश तेंडुलकर हे मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक आणि स्वतः कवी होते. घर साहित्याचे, आणि धाकटा मुलगा मात्र चेंडूफळीचा वेडा. थोरले बंधू अजित यांनी १९८४ मध्ये त्याला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यांच्याकडे नेले. त्या पहिल्या दिवसाची हकिकत सुप्रसिद्ध आहे. इतक्या लोकांच्या देखत प्रथमच खेळताना मुलगा गांगरला आणि आचरेकरांच्या मनात भरला नाही. तेव्हा अजित यांनी विनंती केली की, सरांनी आपण निघून गेलो असे भासवावे आणि दुरून झाडाआडून पाहावे. कोणी पाहत नाही असे वाटताच तोच मुलगा मोकळेपणाने खेळू लागला, आणि आचरेकरांनी त्याला शिष्य करून घेतले. रोज मैदानावर जाणाऱ्या प्रत्येक पालकाने ही हकिकत मनाशी घोळवावी अशी आहे. पाहणाऱ्या डोळ्यांनाही वजन असते. परक्याच्या दृष्टीने अकरा वर्षांचा मुलगा गांगरत असेल, तर ज्याच्या आनंदावर आपले सारे विश्व अवलंबून आहे त्या पित्याच्या दृष्टीने तो किती गांगरत असेल!

पुढे वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात जाण्याचा प्रश्न आला. प्राध्यापकाच्या घरात शाळा बदलणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. तरीही मुलाचा कल पाहून घराने तो बदल स्वीकारला. शिवाजी पार्कजवळ राहणाऱ्या काका-काकूंनी त्याला काही वर्षे आपल्या घरी ठेवून घेतले. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर निरोपाचे भाषण करताना सचिन यांनी वडिलांचे स्मरण केले. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांनी आपल्याला स्वातंत्र्य दिले, स्वप्नामागे जा म्हणून सांगितले, पण आडवाटेने जाऊ नकोस अशी ताकीदही दिली, असा त्या बोलण्याचा आशय होता. स्वातंत्र्य आणि नीती या दोनच गोष्टी त्या पित्याने दिल्या. फलंदाजी शिकविण्याचे काम त्यांनी आपले मानले नाही. ते आचरेकरांचे होते.

मातोश्री रजनीताई तर आणखी दूर राहिल्या. आयुर्विमा महामंडळातील नोकरी सांभाळून त्यांनी मुलाचे खाणेपिणे आणि आजारपण पाहिले. परंतु चोवीस वर्षांच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीत मैदानात बसून मुलाचा खेळ त्यांनी प्रथम पाहिला तो त्याच्या अखेरच्या कसोटी सामन्यात. मे १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये विश्वचषक स्पर्धा चालू असताना रमेश तेंडुलकर निवर्तले. सचिन घरी आले, आणि अंत्यसंस्कारानंतर मातोश्रींच्याच आग्रहावरून परत गेले. ब्रिस्टल येथे केनियाविरुद्ध त्यांनी नाबाद १४० धावा केल्या. सामन्यास उपस्थित असणे म्हणजेच पाठीशी उभे असणे, असे मानणाऱ्यांनी या माउलीचा विचार करावा. सर्व मातांनी मैदान वर्ज्य करावे, असा याचा अर्थ नाही. पाठबळ मुलाला लाभते ते पालक कोठे बसले यावरून लाभत नसून त्यांच्याकडे परत जाताना त्याला भय वाटते की विसावा वाटतो, यावरून लाभते, एवढाच याचा अर्थ आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही जगाने पाहिले आहे. अमेरिकेचे टेनिसपटू आंद्रे अगासी यांनी ग्रँड स्लॅम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रमुख स्पर्धांतील एकेरीची आठ विजेतेपदे मिळविली. त्यांचे वडील इराणहून अमेरिकेत गेलेले आणि एकेकाळी ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्ध खेळलेले होते. आपल्या मुलाने जगज्जेता व्हावे म्हणून त्यांनी घराच्या आवारात टेनिसचे मैदान बांधले, चेंडू फेकणाऱ्या यंत्राचा वेग स्वतः वाढविला आणि सात वर्षांच्या मुलाकडून रोज अडीच हजार चेंडू टोलवून घेतले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्या मुलाने लिहून ठेवले की, ज्या खेळाने आपल्याला सर्व काही दिले त्याचा आपण मनातून तिरस्कार करीत आलो.

यावर कोणी विचारील की, बाप कठोर नसता तर मुलगा जगज्जेता झाला असता काय? प्रश्न योग्य आहे. पण तो अपुरा आहे. अशा कठोर शिक्षणातून जो एक निभावला तो जगाला दिसतो. जे मध्येच खेळ टाकून गेले त्यांची मोजदाद कोणी करीत नाही. अमेरिकेतील लहान मुलांच्या बेसबॉल संघांबाबत १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ती करण्यात आली. काही प्रशिक्षकांना उत्तेजन कसे द्यावे, चूक झाल्यावर धीर देऊन कसे शिकवावे आणि शिक्षा कशी टाळावी, याचे शिक्षण दिले गेले. इतरांना दिले गेले नाही. पुढील वर्षी शिक्षण न मिळालेल्या प्रशिक्षकांकडील शेकडा सव्वीस मुलांनी खेळ सोडला. शिक्षण मिळालेल्यांकडील शेकडा पाचच मुलांनी सोडला. दोन्ही गटांच्या हारजितीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. हा प्रयोग प्रशिक्षकांवरचा आहे हे खरे. परंतु मुलाचा पहिला प्रशिक्षक घरीच असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचा बोध पालकांनाही लागू पडतो.

उत्तेजन म्हणजे तोंडभर स्तुती, असाही एक समज आहे. कॅरल ड्वेक व क्लॉडिया म्यूलर या मानसशास्त्रज्ञ विदुषींनी १९९८ मध्ये त्याची परीक्षा केली. कोडी सोडविणाऱ्या मुलांपैकी काहींना "तू फार हुशार आहेस" असे म्हटले गेले, तर काहींना "तू फार मेहनत घेतलीस" असे म्हटले गेले. पुढे कोडी अवघड झाली. हुशारीची स्तुती ऐकलेली मुले लवकर नाउमेद झाली, त्यांचे खेळातील मन उडाले, आणि आपले गुण इतरांना कळविताना ते वाढवून सांगण्याकडेही त्यांचा कल अधिक दिसला. मेहनतीची स्तुती ऐकलेली मुले मात्र अवघड कोड्यांशी झुंजत राहिली. "आमचा बाळ म्हणजे उपजतच खेळाडू" हे कौतुकाचे वाक्य चारचौघांत उच्चारण्यापूर्वी पालकांनी याचा विचार करावा. उपजत गुणाची कीर्ती राखणे ही मुलाला धास्ती होते. त्याने आज कोणती गोष्ट काल येत नव्हती ती करून दाखविली, एवढे जाणून तेवढेच सांगितले, तर त्याला उद्या मैदानावर जाण्याची ओढ लागते.

खरी कसोटी मात्र परतीच्या वाटेवर लागते. सामना हरला आहे. मुलगा मागच्या आसनावर गप्प बसला आहे. वडील विचारतात, "तो सोपा झेल सुटलाच कसा? लक्ष कोठे होते?" मुलाला तो झेल सुटलेला ठाऊकच असतो, त्याच्या हातून सुटला आहे, वडिलांच्या नव्हे. त्या क्षणी त्याला झेलाचे शास्त्र नको असते. त्याला एवढेच पाहावयाचे असते की, झेल सुटल्यानंतरही हे घर आपले आहे की नाही. आई जेव्हा म्हणते, "दमलास ना? हातपाय धू, पान वाढते," तेव्हा ती त्याच प्रश्नाचे उत्तर देत असते. चुकांची चर्चा दुसऱ्या दिवशी, प्रशिक्षकांसमवेत आणि मुलाने विषय काढल्यास करता येते. ज्या घरात विजयाच्या दिवशी मिष्टान्न आणि पराभवाच्या दिवशी अबोला असतो, त्या घरातील मूल लवकरच एक हिशेब शिकते: माझ्यावरील प्रेमाला किंमत मोजावी लागते. हा हिशेब पुढे आयुष्यभर पुसला जात नाही. मग तेच मूल पायाचे दुखणे लपविते, निवड न झाल्याचे सांगत नाही आणि शेवटी खोटे बोलू लागते.

दुखण्याचा उल्लेख आला, तेव्हा शरीराविषयीही चार शब्द सांगणे अवश्य आहे. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कोवळ्या कूर्चेचे पट्टे असतात; हाडाची लांबी तेथे वाढते. एकाच खेळात, एकाच अवयवावर, रोज तोच ताण पडत राहिला तर हे पट्टे दुखावतात. याच कारणास्तव अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये सल्ला दिला की, बहुतेक खेळांत केवळ एकाच खेळास वाहून घेणे पंधरा-सोळा वर्षांच्या वयापर्यंत लांबणीवर टाकावे. आठवड्यात एक-दोन दिवस विश्रांती द्यावी. आणि निवडलेल्या खेळापासून वर्षातून एकूण तीन महिने, एकेका महिन्याच्या टप्प्याने, मोकळीक द्यावी. २०१५ च्या एका अभ्यासात असेही आढळले की, आठवड्यातील संघटित खेळाचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांपेक्षा अधिक झाले की अतिश्रमाच्या गंभीर दुखापतींचा संभव वाढतो. दहा वर्षांच्या मुलाला दहा तास पुरेत, असा हा सोपा हिशेब कोणत्याही मातेस ठेवता येईल. एका ऋतूत पोहावे, दुसऱ्यात खो-खो खेळावा, मल्लखांब करावा, उरल्या वेळी गल्लीत मनसोक्त धावावे. यात वेळ फुकट जात नाही, शरीर सर्वांगाने घडते. "थोडे दुखले तर सोसावे" हा मंत्र मोठ्यांनी स्वतःपुरता ठेवावा. मुलाच्या सांध्याचे दुखणे आठवडाभर टिकले, तर पुढील स्पर्धेची तारीख न पाहता वैद्याचे दार गाठावे.

अतिरेकाचा दोष जसा एका बाजूला आहे, तसा अकाली तोडून टाकण्याचा दोष दुसऱ्या बाजूला आहे, आणि मराठी पांढरपेशा घरांत तो अधिक आढळतो. मूल नववीत गेले की घरात घोषणा होते: "दहावी आली, आता खेळ बंद." खेळाचे साहित्य माळ्यावर जाते आणि मूल शिकवणीच्या वर्गात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पाच ते सतरा वर्षांच्या मुलांस दररोज सरासरी साठ मिनिटे दमछाक करणारी हालचाल आवश्यक सांगितली आहे. त्यात दहावीच्या वर्षाचा अपवाद नाही. परीक्षेच्या वर्षी स्पर्धा कमी कराव्यात, प्रवास टाळावा, हे समंजसपणाचे आहे. सायंकाळचा एक तास काढून घेणे मात्र मुलाच्या हातून त्याचे औषध काढून घेण्यासारखे आहे. जो पालक सातवीपर्यंत खेळाचे गोडवे गातो आणि नववीत तो बंद करतो, त्याने मुलाला नकळत असे शिकविले की खेळ ही प्रमाणपत्रापुरतीच वस्तू होती.

मुलींच्या बाबतीत हा दोष आणखी लवकर घडतो. बाराव्या-तेराव्या वर्षी, शरीरात बदल होऊ लागले की, पुष्कळ घरांतून मुलीचे मैदानावर जाणे आपोआप थांबते. कोणी उघड नाही म्हणत नाही, परंतु कोणी सोबतही करीत नाही. याही संबंधात मुंबईचे एक घर आठवण्यासारखे आहे. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री व रोहिणी या तीन कन्या बुद्धिबळ खेळत. १९७४ मध्ये पहिली राष्ट्रीय महिला अजिंक्यपद स्पर्धा वासंती यांनी जिंकली, आणि पुढे अनेक वर्षे ते पद या भगिनींकडेच राहिले. १९७६ मध्ये अवघ्या तेरा वर्षांच्या रोहिणी राष्ट्रीय पुरुष स्पर्धेत उतरल्या, तेव्हा मोठा गदारोळ उठला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स यूव्ह यांनी स्त्रियांना राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. पटावरील लढत मुलीची होती; पटाबाहेरची लढत मोठ्यांची होती. पालकांनी कोणत्या ठिकाणी पुढे व्हावे आणि कोणत्या ठिकाणी मागे राहावे, याचा विवेक यावरून कळतो.

पटाबाहेरची म्हणजेच रेषेबाहेरची ही कर्तव्ये लहान नाहीत. प्रशिक्षक कोण आहे, मैदानावर इतर मोठी माणसे असतात काय, परगावच्या स्पर्धेत मुलांची राहण्याची सोय कशी आहे, हे पालकांनी स्वतः पाहिले पाहिजे. गुरूविषयी आदर असावा, पण डोळे मिटलेले नसावेत. मूल एकाएकी मैदानावर जाण्यास घाबरू लागले, तर त्याला आळशी ठरविण्यापूर्वी एकांतात त्याचे म्हणणे ऐकावे. बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा कायदा २०१२ मध्ये झाला आहे, आणि संकटातील बालकांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे; ही माहिती प्रत्येक घरी असावी. पंचांशी हुज्जत घालणे, प्रतिस्पर्धी मुलाला हिणविणे, संघात स्थान मिळावे म्हणून वशिला लावणे, यांपैकी काहीही रेषेबाहेरच्या कर्तव्यांत बसत नाही. मुले पंचांचा निर्णय सोसण्यास जितक्या सहज शिकतात, तितक्याच सहज वडिलांचा थयथयाटही शिकतात.

यातील सर्वांत गंभीर गोष्ट वयाविषयीच्या असत्याची आहे. लहान वयोगटात मोठे मूल उतरविले की ते सहज चमकते. म्हणून जन्मतारखेत फेरफार करण्याची कुप्रथा या देशातील अनेक खेळांत शिरली आहे. ती रोखण्यासाठी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०१२ पासून मुलांच्या मनगटाच्या क्ष-किरण छायाचित्रावरून हाडांचे वय पडताळण्याची पद्धत अवलंबिली. हाडे खोटे बोलत नाहीत. खोटे बोलतो तो दाखला, आणि तो मूल आणीत नाही. ज्या बापाने आपल्या मुलाच्या हाती पहिला चषक असत्याने दिला, त्याने कोण्या दुसऱ्या, वयाने खरोखरच लहान असलेल्या मुलाची जागा हिरावली, आणि आपल्या मुलाला असे शिकविले की तू जसा आहेस तसा पुरेसा नाहीस. रमेश तेंडुलकर यांनी ज्या आडवाटेविषयी ताकीद दिली होती, ती वाट बहुधा पालकांच्याच हाताने उघडली जाते.

शेवटी कराडजवळच्या गोळेश्वर गावाचे स्मरण करणे उचित होईल. तेथील दादासाहेब जाधव हे स्वतः पैलवान. त्यांच्या पाच मुलांपैकी सर्वांत धाकटे खाशाबा १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मले. वडिलांनी त्यांना बालपणीच मातीची ओळख करून दिली. परंतु शाळाही सोडविली नाही. कराडचे टिळक हायस्कूल आणि पुढे कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय यांतून त्यांचे शिक्षण झाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा नव्हता. लोकवर्गणी जमली, तरी ती अपुरी पडत होती. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. ते परतले तेव्हा बैलगाड्यांची भली मोठी मिरवणूक त्यांच्या स्वागतास निघाली.

या कथेत पदकाइतकेच मोल एका गोष्टीला आहे. घर गहाण ठेवताना पदक मिळेल अशी कोणतीही हमी प्राचार्यांपाशी नव्हती. पहिल्या खेपेस तो विद्यार्थी सहावा आला होता. पदक मिळाले नसते तरी त्यांनी केलेले कृत्य यत्किंचितही उणे ठरले नसते. मुलाच्या पाठीशी उभे राहणे म्हणतात ते हेच. फळावर दृष्टी न ठेवता कर्म करावे, हा गीतेचा उपदेश घरोघरी मुलांना सांगितला जातो. सामन्याच्या दिवशी तो सांगणाऱ्यांनीच प्रथम आठवावा. मुलाने खेळावे, हे त्याचे कर्म. त्याला पोषण, विश्रांती, सत्य आणि अभय द्यावे, हे मातापित्यांचे कर्म. हार आणि जीत दोघांच्याही हाती नाही.

खेळणाऱ्या हजारो मुलांपैकी पदकापर्यंत पोहोचणारी बोटांवर मोजण्याइतकी असतात. उरलेल्या सर्वांच्या वाट्याला काय येते, यावरच पालकांच्या कार्याचे मोल ठरते. चाळिशीतही जो सायंकाळी चार मित्रांसह मैदानावर जातो, हरल्यावर प्रतिस्पर्ध्याचा हात हाती घेऊन हसतो, आणि आपल्या मुलाला मैदानाच्या दारापर्यंत सोडून निश्चिंत मनाने मागे वळतो, त्याच्या मातापित्यांनी काही गमावले, असे कोण म्हणेल? उद्या सायंकाळी पुन्हा मुले मैदानावर उतरतील. रेषेबाहेर उभ्या राहणाऱ्यांनी त्या वेळी आपला आवाज थोडा खाली आणावा, परतीच्या वाटेवर झेलाची चौकशी करू नये, आणि घरी गेल्यावर रोजच्यासारखेच पान वाढावे. एवढे झाले तरी पुष्कळ झाले.